पंचवीसचा आकडा आला कुठून?

तपासणीला गेलं की वजनाला उंचीच्या वर्गाने भागून बीएमआय काढतात. २५ च्या वर गेला की वजन जास्त, ३० च्या वर लठ्ठपणा. या सूत्राचं मूळ १८३०च्या दशकातलं आणि ते मांडणारा अडॉल्फ केटले हा बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ. त्याला आजारांशी काही देणंघेणं नव्हतं. 'सरासरी माणूस' कसा असतो, हे त्याला आकड्यांत पकडायचं होतं.

वजन आणि मृत्यू यांची आकडेवारी धंद्यापोटी मांडली ती विमा कंपन्यांनी. लठ्ठ ग्राहक लवकर दगावला तर खोट त्यांनाच! अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफने १९४०च्या दशकात काढलेले वजनाचे तक्ते डॉक्टरही वापरू लागले. १९७२ मध्ये अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी केटलेचं सूत्र उकरून काढलं आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. त्यांच्या अभ्यासात सगळे पुरुषच होते. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेने पुरुषांसाठीची जास्त वजनाची सीमा २७.८ वरून २५ वर आणली आणि कोट्यवधी लोक, एक ग्रॅमही न वाढता, एका रात्रीत जाड ठरले.

खरं तर मुद्द्याची गोष्ट मार्सेयचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच सांगितली होती: चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते ते पाहा. मांड्या-नितंबांवरची चरबी त्यामानाने निरुपद्रवी. मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार येतात ते सुटलेल्या पोटामागून. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं थेट यकृतात जातात, इन्शुलिनला शरीर दाद देईनासं होतं, साखर आणि रक्तदाब चढतात. १९९४ मध्ये लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक सापडलं, तेही चरबीच्या पेशींतून येणारं. चरबी म्हणजे नुसता साठा, ही समजूत तिथे मोडली.

१७० सेंटिमीटर उंचीच्या ७० किलोच्या दोघांचा बीएमआय सारखाच, २४.२. एकाचं अंग कमावलेलं, दुसऱ्याचं पोट पुढे आलेलं. सूत्राला फरक कळत नाही. त्यात आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ पासूनच सावध व्हायला सांगितलं.

जानेवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने आणखी एक भेद सुचवला: चरबीमुळे अवयवांचं काम बिघडलं असेल तर तो आजार, नसेल तर नुसता धोका. निदानाला बीएमआय एकटा पुरेसा नाही, जोडीला कंबरेचा घेर मोजा किंवा चरबी थेट मोजून घ्या, असंही त्यांनी सांगितलं.