शॉर्ट स्क्वीझ

भाव पडेल या अपेक्षेने हाती नसलेले शेअर विकून बसलेल्या मंदीवाल्यांना भाव चढल्यामुळे ते परत घेणे भाग पडते आणि त्यांच्याच खरेदीने भाव आणखी चढतो. या स्थितीस शॉर्ट स्क्वीझ किंवा मंदीवाल्यांची कोंडी म्हणतात.

आद्य उदाहरणाबाबत एकमत नाही. ॲम्स्टरडॅममध्ये १६०९ च्या सुमारास इझाक ल मेर याच्या गटाने डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर असे विकले होते व १६१० मध्ये त्या प्रकारावर बंदी आली. पण तो प्रसंग मंदीच्या कटाचा म्हणणेच योग्य. कोंडी निःसंशय दिसते ती न्यूयॉर्कच्या बाजारात ९ मे १९०१ रोजी. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या ताब्यासाठी दोन गटांनी जवळजवळ सर्व शेअर उचलल्याने विकणाऱ्यांना देण्यास शेअरच उरले नाहीत आणि भाव १,००० डॉलरपर्यंत गेला. मुद्दाम घडवून आणलेली कोंडी निराळी गणावी, असाही एक पक्ष आहे. मात्र नॉर्दर्न पॅसिफिकमध्ये कोंडी करण्याचा हेतू कोणत्याच गटाचा नव्हता असे मानले जाते, तरी सक्तीची खरेदी झालीच. त्यामुळे हेतूपेक्षा सक्ती हीच खूण धरणे सयुक्तिक वाटते.

मुंबईत ही सक्ती बदल्याच्या, म्हणजे सौदा न मिटवता पुढे ढकलण्याच्या, पद्धतीतून येई. सौदा पुढच्या वळणावर (हिशेब मिटवण्याच्या मुदतीवर) नेताना एरवी तेजीवाला, म्हणजे भाव चढेल या अपेक्षेने घेणारा, त्याचे शुल्क भरत असे; शेअरची टंचाई असली की ते मंदीवाल्यावर पडे, यास उंधा बदला म्हणत. १९८२ मध्ये रिलायन्सचे शेअर विकलेल्या मंदीवाल्यांकडे खरेदीदारांनी प्रत्यक्ष डिलिव्हरी मागितली. विक्रीचे आकडे निरनिराळ्या वृत्तांतांत निरनिराळे आहेत. बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. २ जुलै २००१ पासून बदला बंद झाला.

आज रोखीच्या बाजारात शेअर नसताना केलेली विक्री त्याच दिवशी परत खरेदी करून पुरी करावी लागते. बाजार दुपारी ३.३० ला बंद होतो. त्याआधी, साधारण ३.१५ नंतर, ब्रोकर इंट्राडे (दिवसातल्या दिवसात मिटवायचे) उघडे सौदे स्वतः मिटवतात. अमेरिकेत विकलेल्या शेअरचे एकूण प्रमाण प्रसिद्ध होते. गेमस्टॉपमध्ये २०२१ च्या जानेवारीत ते बाजारात खुल्या व्यवहारासाठी उपलब्ध शेअरच्या १०० टक्क्यांहून अधिक होते. आपल्याकडे दिवसातल्या दिवसात विकून बसलेल्यांचा असा आकडा मिळत नाही, म्हणून अशा प्रमाणावरून कोंडी ओळखण्याचे सूत्र इथे लागू करू नये. त्याऐवजी वायद्यांचा ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेल्या वायदे सौद्यांची संख्या, पाहतात. भाव चढत असताना तो घटला तर बहुधा शॉर्ट कव्हरिंग, म्हणजे मंदीवाल्यांची परतखरेदी. दोन्ही वाढले तर नवी खरेदी. वाईट बातमी येऊनही आदल्या दिवसाचा नीचांक न तुटणे आणि नंतर दिवसाचा उच्चांक मोठ्या उलाढालीने ओलांडला जाणे, ही जोडीची लक्षणे. उच्चांकावर मंदीवाल्यांचे स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवण्यासाठी आधीच देऊन ठेवलेले खरेदीचे आदेश, साचलेले असतात. उलाढाल वाढूनही भाव पुढे सरकेना, तर सक्तीची खरेदी संपत आल्याचे समजतात.

सोलापूरला स्वतःचा शेअर बाजार नव्हता. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने उपग्रहाने जोडलेल्या टर्मिनलांवर सौदे सुरू केले. अशा शहरांतून थेट व्यवहार शक्य झाले ते त्यानंतर. येथील प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी २०१६ मध्ये सूचिबद्ध झाली. अशा स्मॉलकॅप शेअरवर वायदे नसल्याने ओपन इंटरेस्टची खूण मिळत नाही आणि भावाला सर्किटची, म्हणजे एका दिवसात किती चढावे-उतरावे याची, मर्यादा असते, ही बाब ओळखीच्या गावच्या कंपनीत इंट्राडे करणाऱ्या सोलापूरकराने आवर्जून लक्षात घ्यावी. शेअरला अपर सर्किट लागले, म्हणजे भाव वरच्या मर्यादेला टेकला, की विकणारा कोणी उरत नाही. विकून बसलेल्यास भाव देऊनही शेअर मिळत नाही. मग विक्री डिलिव्हरीची ठरते व शेअर एक्सचेंजच्या लिलावातून घेतले जातात. लिलावातही न मिळाल्यास सौद्याच्या दिवसापासून लिलावापर्यंतचा सर्वोच्च भाव किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावाहून २० टक्के अधिक, यांपैकी जो जास्त त्या दराने हिशेब होतो. ट्रेड-टू-ट्रेड गटातील, म्हणजे प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची असलेल्या, शेअरमध्ये इंट्राडे करताच येत नाही.