विज्ञानाचे लोकशाही नियमन

कोणते संशोधन आधी करावयाचे, त्यासाठी सार्वजनिक पैसा किती द्यावयाचा, त्यातला धोका कोणी पत्करावयाचा आणि निष्कर्षांच्या आधारे काढलेल्या आज्ञांबद्दल कोणी जाब द्यावयाचा, हे ठरविण्याची लोकशाहीतील रीत. निष्कर्ष खरा की खोटा हे मतदानाने ठरत नाही, याविषयी फारसे दुमत नाही. मराठीत ‘नियंत्रण’ आणि ‘नियमन’ हे शब्द अदलाबदलीने वापरले जातात. येथे ‘नियमन’ पत्करले आहे, कारण ‘नियंत्रणा’त हुकमाची छटा आहे, आणि विज्ञानावर हुकूम चालावा का, यावरूनच मूळ वाद पेटला.

उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तो ब्रिटिश वैज्ञानिक जे. डी. बर्नाल यांच्या १९३९ मधील मांडणीत आहे. समाजाच्या गरजेनुसार विज्ञानाचे नियोजन व्हावे, असे ते म्हणत. त्याला उत्तर म्हणून रसायनशास्त्रज्ञ मायकेल पोलान्यी व प्राणिशास्त्रज्ञ जॉन बेकर यांनी १९४० मध्ये विज्ञानाच्या स्वातंत्र्यासाठी संस्था काढली, आणि १९६२ मध्ये पोलान्यींनी वैज्ञानिकांच्या स्वयंशासित ‘प्रजासत्ताका’ची कल्पना मांडली. दुसरे मत उगम १९७० नंतरचा धरते. १९७५ च्या असिलोमार (कॅलिफोर्निया) परिषदेत जनुकीय प्रयोगांवरील बंधने वैज्ञानिकांनी आपसांतच ठरविली. याउलट डेन्मार्कमध्ये १९८७ पासून सामान्य नागरिकांची मंडळे तज्ज्ञांना प्रश्न विचारू लागली. बर्नाल-पोलान्यी वादात नागरिक जवळजवळ दिसतच नाही, तो राज्यसंस्था आणि वैज्ञानिक यांच्यातला वाद होता. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतात १९५८ चा विज्ञान धोरण ठराव, १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेले वैज्ञानिक दृष्टिकोनाचे मूलभूत कर्तव्य आणि २००५ चा माहिती अधिकार हे टप्पे परिचित आहेत. बीटी वांग्याला (जनुकीय बदल केलेल्या वाणाला) तज्ज्ञ समितीने २००९ मध्ये मान्यता दिल्यावर नागपूरसह सात शहरांत जाहीर चर्चा झाल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांनी स्थगिती दिली. हे लोकशाहीचे उदाहरण की लोकानुनयाचे, यावर अभ्यासक अजून भांडतात.

नाशिकमध्ये हा प्रश्न पाण्याच्या रूपाने येतो: गोदावरी खोऱ्यात वरची धरणे नाशिक-नगरकडे आणि खालचे मोठे जायकवाडी धरण मराठवाड्यात पैठणला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२(६)(ग) नुसार ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांत वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी, खरिपाचा वापर धरून, साधारण सारखी असावी लागते. वाक्य सोपे आहे, पण ते धरणाच्या दारापर्यंत नेणे अवघड. हे नियम बसविण्यासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने (अहवाल २०१३) वरच्या धरणांचे गंगापूर, दारणा, पालखेड, प्रवरा व मुळा असे गट पाडून तक्ता केला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरून पाणी सोडावे. जायकवाडीचा पूर्ण उपयुक्त साठा सुमारे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे ही मर्यादा ५० टीएमसीच्या जरा अलीकडे. आकडा जलशास्त्राचा दिसतो. परंतु बाष्पीभवन कोणाच्या खात्यावर टाकायचे, द्राक्षबागेची उन्हाळ्यातली गरज आणि मराठवाड्यातील रब्बी कोणत्या तराजूत तोलायची, हे निर्णय त्यात मुरलेले आहेत. आपल्या धरणांतून पाणी जाते ही नाशिकची तक्रार. वरची धरणे वाढत गेली ही मराठवाड्याची. प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश आणि उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल यांनी समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. मेंढेगिरी तक्त्याच्या पुनर्विलोकनासाठी २०२३ मध्ये नेमलेला अभ्यासगट मात्र नाशिकच्याच महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या (नाशिककरांची ‘मेरी’) महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली होता. संस्था राज्यभराची आणि पत्ता नाशिकचा, ही बाब मराठवाड्याच्या नजरेतून सुटण्यासारखी नाही.

विसर्गाआधी, म्हणजे वरून पाणी सोडण्याआधी, ते वाटेत अडू वा उपसले जाऊ नये म्हणून गोदावरीवरील कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, काठावरच्या मोटारींची वीज तोडतात. मग पाणी नांदूर मध्यमेश्वर बंधारा ओलांडून पैठणकडे निघते. सोडलेले आणि पोचलेले पाणी यांतला फरक म्हणजे वहनव्यय. उशीर झाला की पात्र कोरडे पडते आणि तो वाढतो, म्हणून तारीख लांबविणे हाही तांत्रिक निर्णय राहत नाही.

याच जिल्ह्यातील वाघाडचा प्रयोग वेगळा आहे. दिंडोरी तालुक्यातील या प्रकल्पात १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था निघाल्या, त्याही आधी कालव्याच्या शेपटाला, जिथे आवर्तन (पाण्याची पाळी) पोचतच नसे. पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, संस्थेच्या हवाली होते आणि पीक कोणते घ्यावे हे शेतकरी ठरवितो. मोजमापाचे शास्त्र इथे खात्याच्या वहीतून कालव्याच्या काठावर आले.

वैद्यकीय संशोधनात औषधचाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य व त्यांत एक सामान्य नागरिक लागतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) नाशिकला असल्याने येथे हा विषय अपरिचित नाही. या सदस्याचे काम बहुधा संमतिपत्रकाच्या मराठीपाशी सुरू होते: छापलेले असते ‘यादृच्छिक वाटप’, ‘चिठ्ठी टाकून गट ठरेल’ म्हटले की निफाडच्या शेतमजुराला कळते.