डॅम्पर आले कुठून? तोफेतून!

भूकंपात बिल्डिंग पडली नाही म्हणजे झालं, असं इंजिनिअर लोक बरीच वर्षं मानत होते, आणि ते बरोबरच होतं, आधी माणसं वाचायला हवीत. पण लॉस एंजेलिसचं ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटल बघा. 1971 च्या सॅन फर्नांडो भूकंपात नवंकोरं हॉस्पिटल इतकं मोडलं की पाडावंच लागलं, मग तिथेच पोलादी भिंती घालून एकदम दणकट बांधलं, 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात ते टिकलंसुद्धा, पण छतावरचा झटका जमिनीवरच्या दुपटीहून जास्त नोंदला गेला, पाण्याचे पाइप फुटले, मजल्यांवर पाणी झालं आणि पेशंट हलवावे लागले. म्हणजे ज्या दिवशी हॉस्पिटल सगळ्यात जास्त हवं त्याच दिवशी बंद!

नुसती ताठ बिल्डिंग झटका वर पोचवते, डॅम्पर, म्हणजे बिल्डिंगमध्ये बसवलेला शॉक अब्सॉर्बर, तो खातो. सिलिंडरमध्ये सिलिकॉन तेल, पिस्टनला बारीक भोकं, बिल्डिंग हलली की तेल त्यातून रेटलं जातं आणि हलण्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की डॅम्परचा जोर वेगावर चालतो, म्हणून तो सगळ्यात जास्त लागतो तेव्हा बिल्डिंग डोलताना मधल्या, सरळ स्थितीतून जात असते, खांब वाकलेले नसतात, त्यामुळे खांबांवर फारसा जादा भार येत नाही.

ही युक्ती मूळची तोफखान्यातली. 1897 च्या फ्रेंच 75 मिमी तोफेत मागे उसळणारी नळी तेल आणि दाबलेल्या हवेने थोपवायचे. पुढे गाड्यांचे शॉक अब्सॉर्बर आले, शीतयुद्धात क्षेपणास्त्रांच्या यंत्रणांना तेच तंत्र लागलं, आणि ते युद्ध संपल्यावर लष्करी कामातले डॅम्पर बिल्डिंगकडे वळले, अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात 1990 नंतर शेक टेबलवर, म्हणजे भूकंपासारखं हलवणाऱ्या मंचावर, त्यांच्या टेस्ट झाल्या.

बाकीचे प्रकार आधीपासून होतेच. न्यूयॉर्कच्या ट्विन टॉवर्समध्ये प्रत्येकी सुमारे 10,000 व्हिस्कोइलॅस्टिक (रबरासारख्या चिवट पदार्थाचे) डॅम्पर होते पण ते वाऱ्यासाठी, न्यूझीलंडने 1970 च्या दशकात पोलाद आणि शिसं वाकवून ऊर्जा खायचे प्रयोग केले, कॅनडात ब्रेकसारखे घर्षणाचे डॅम्पर आले.

तेलाचे डॅम्पर मोठ्या प्रमाणात लागले ते परत एका हॉस्पिटललाच, कॅलिफोर्नियातल्या कोल्टनचं ॲरोहेड, 1999 ला सुरू झालेलं. रबरी बेअरिंगवर उभं आणि जोडीला 186 डॅम्पर, म्हणजे भूकंपानंतरही आत पेशंट घेता यावेत.