सिक्वेन्समध्ये १ टाकला, पावती २ नंबरची का निघाली?

एप्रिल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पतसंस्था, सोसायट्या, अडत दुकानं, सगळीकडं एक काम हमखास निघतंय, नवं आर्थिक वर्ष म्हणून पावती परत १ पासून सुरू करायची. सॉफ्टवेअर बघणारा पोरगा पीजीअ‍ॅडमिन, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेस हाताळायचं टूल, उघडतो, पावती नंबर देणाऱ्या सिक्वेन्सची करंट व्हॅल्यू खोडून १ टाकतो, सेव्ह करतो आणि पहिली पावती निघते २ नंबरची. बरं, ० टाकून बघू म्हटलं तर एरर, कारण साध्या सिक्वेन्सची किमान मर्यादाच १ असते. टूलमध्ये बग आहे असं कुणालाही वाटेल, पण तसं नाही.

सिक्वेन्स म्हणजे टेबलाच्या बाहेरचा वेगळा काउंटर, बँकेतल्या टोकन मशीनसारखा. त्यात आकड्याबरोबर आणखी एक खूण असते, इज-कॉल्ड नावाची, हा आकडा देऊन झालाय की अजून द्यायचाय ते सांगणारी. नव्या सिक्वेन्समध्ये आकडा १ आणि खूण 'नाही'. पहिला नंबर घेतला की आकडा १च राहतो, फक्त खूण 'हो' होते! म्हणजे नुसता आकडा बघून पुढचा नंबर १ येणार की २, ते कळायला मार्गच नाही. आपण करंट व्हॅल्यू बदलतो तेव्हा टूल आतून सेटव्हॅल हे आकडा बसवणारं फंक्शन चालवतं आणि खूण 'हो' ठेवतं, म्हणजे १ संपला, आता २. खरंच १ हवा असेल तर सेटव्हॅलला तिसरी व्हॅल्यू फॉल्स द्यायची, नाहीतर सरळ अल्टर सिक्वेन्स रीस्टार्ट विथ १ चालवायचं, मला हे दुसरं जास्त बरं वाटतं, वाचणाऱ्याला लगेच कळतंय.

काउंटर टेबलाकडं बघत नाही हे पण लक्षात ठेवा. जुन्या सॉफ्टवेअरमधनं सभासद त्यांच्या आयडीसकट इंपोर्ट केले, समजा ४५८० पर्यंत, तरी सिक्वेन्स आपला १ वरच, मग नवा सभासद घालताना डुप्लिकेट की चा, म्हणजे तोच आयडी आधीच असल्याचा, एरर येणारच.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची तऱ्हा निराळी. तिथं इनोडीबी (तिथला नेहमीचा प्रकार) टेबलात मोठा आयडी असताना ऑटो-इन्क्रिमेंट, म्हणजे पुढचा नंबर ठरवणारा आकडा, खाली आणायला गेलात तर ते गुपचूप सगळ्यात मोठ्या आयडीच्या पुढचाच आकडा धरतं. आणि व्हर्जन ८ मध्ये टेबलांची माहिती दाखवणाऱ्या इन्फर्मेशन स्कीमातला हा आकडा डिफॉल्टनं ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस, जुनाच दिसू शकतो, त्यामुळं बदल होऊनही झाला नाही असं वाटतंय. अ‍ॅनालाइझ टेबल ही कमांड चालवली की ताजा दिसतो.

पण माझं स्पष्ट मत, पावती नंबरासाठी सिक्वेन्स वापरूच नये. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे नोंद अर्ध्यात रद्द झाली, तरी घेतलेला नंबर परत येत नाही, १०७ नंतर थेट १०९, आणि ऑडिटर १०८ ची पावती मागतो. आयडी सिक्वेन्सला देऊ दे, पावती नंबर वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि दर वर्षाचा शेवटचा नंबर ठेवणाऱ्या टेबलातली ओळ लॉक करून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढवा, थोडं सावकाश चालेल पण रोलबॅक झालं तर नंबरपण मागं येतो.