इंग्रजी बोलायचा वर्ग: प्रवेश घेण्याआधी वाचा

‘तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी’ अशा पाट्या लातूर-नांदेडपासून संभाजीनगरपर्यंत दिसतात. आम्ही तशी पाटी लावत नाही, कारण हिशेब जुळत नाही. भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपीय चौकटीतली ए-१ ही पहिली पातळी गाठायला इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या अंदाजाने ९० ते १०० तास शिकवणी लागते. नोकरीत काम भागेल अशा बी-१ला सुरुवातीपासून धरून ३५० ते ४०० तास. रोज तासभर, आठवड्याला सहा दिवस धरले तर तीन महिन्यांत होतात ७८.

बारावी झालेला विद्यार्थी शून्यापासून सुरू करत नाही, हे खरं. त्याला वाचलेलं कळतं, तोंडातून निघत नाही. तीस जणांच्या वर्गात सरच अर्धा तास बोलले तर उरलेल्या वेळात प्रत्येकाला एकच मिनिट मिळतं. आम्ही जोड्या लावतो. त्याच अर्ध्या तासात प्रत्येक जण पंधरा मिनिटं बोलतो.

मुख्य सराव ४-३-२चा. एकच विषय एका जोडीदाराला ४ मिनिटांत सांगायचा, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २. मजकूर तोच राहतो, त्यामुळे शब्द शोधण्यात वेळ जात नाही आणि अडखळणं कमी होतं. विषय रोजच्या माहितीतला हवा: सोयाबीनची काढणी, गावातलं टँकरचं पाणी. अनोळखी विषय घेतला की सराव फसतो. लिहून पाठ करून तर आणूच नका. वाळूजच्या कंपनीत मुलाखतीला एक उलटा प्रश्न आला की पाठांतर तिथंच संपतं. बोलताना आम्ही मध्ये टोकत नाही, शेवटी दोन-तीन चुकाच सांगतो.

नेहमीच्या चुका: ‘व्हेअर यू आर गोइंग?’ (‘आर यू’ हवं), ‘डिड यू वेन्ट?’ (‘गो’ हवं), ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’. ‘मी जायलोय’ला ‘आय ॲम गोइंग’ चपखल बसतं, म्हणून सगळीकडेच ‘इंग’ लागतं. पण ‘(जवळ) असणं’, ‘माहीत असणं’ यांना ते चालत नाही, ‘आय हॅव’, ‘आय नो’ म्हणा.

उच्चार देवनागरीत लिहून घेऊ नका. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टॉ’वर, हा जोर आपल्या लिपीत उतरत नाही.

घरी मोबाइलवर एक मिनिट बोलून रेकॉर्ड करा, ऐका आणि तेच पुन्हा बोला.

प्रवेशाला लेखी परीक्षा नाही. पाच मिनिटं बोलायला लावून गट ठरवतो. ते रेकॉर्डिंग तुमच्याच मोबाइलमध्ये राहतं.