कायद्याचे स्रोत (भारत)

एखाद्या नियमाला न्यायालयात कायदा म्हणून जे बळ मिळते, ते जिथून येते त्याला कायद्याचा स्रोत म्हणतात. भारतात असे चार मुख्य स्रोत आहेत : राज्यघटना, विधिमंडळांचे अधिनियम व त्यांखालील नियम, वरिष्ठ न्यायालयांचे निर्णय आणि रूढी. कायदा काय सांगतो हे पाहण्याआधी तो कोणी केला, कोणत्या अधिकाराने केला आणि आज तो अमलात आहे का, हे तपासावे लागते. व्यवहारातल्या पुष्कळ चुका ही तपासणी न केल्यामुळे होतात.

जगातल्या विधिपद्धतींचे ढोबळ दोन मोठे गट पडतात. इंग्लंडमधून पसरलेल्या ‘कॉमन लॉ’ पद्धतीत न्यायाधीशांचे निर्णय स्वतःच कायदा ठरतात. फ्रान्स, जर्मनी, पोर्तुगाल या देशांत सर्वसमावेशक लिखित संहिता हा मूळ आधार असतो आणि निर्णयांचे महत्त्व त्यानंतरचे. भारत पहिल्या गटात मोडतो, पण पूर्णपणे नाही. इंग्लंडने आपला फौजदारी कायदा कधी एका संहितेत बांधला नाही. भारतात मात्र १८६० सालीच दंडसंहिता आली, १८७२ मध्ये करार आणि पुरावा यांचे कायदे आले. म्हणून भारतीय वकील आधी कलम उघडतो आणि मग त्या कलमाचा अर्थ लावणारा निवाडा शोधतो.

या चौकटीत गोवा वेगळा उठून दिसतो. पोर्तुगालची १८६७ची नागरी संहिता तिथे लागू झाली आणि १९६१च्या मुक्तीनंतर संसदेच्या १९६२च्या कायद्याने ती चालू राहिली. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता केली. गोव्यात जुनीच टिकली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर तिथे पती-पत्नीची मालमत्ता समाईक होते. मुलांसारख्या सक्तीच्या वारसांचा निम्मा हिस्सा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या २०१२च्या अधिनियमात आला असून तो २०१६ पासून लागू आहे. मूळ गोमंतकीय कुटुंबाच्या मुंबईतल्या मिळकतीच्या वादात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गोव्याचा अधिवासी असलेल्याच्या गोव्याबाहेरील भारतातल्या मिळकतीलाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो. मुंबईत घर घेतलेल्या गोवेकरांनी हे मृत्युपत्र करण्यापूर्वीच पाहावे.

स्रोतांची उतरंड पक्की आहे. सर्वांत वर राज्यघटना. केशवानंद भारती खटल्यात (१९७३) १३ न्यायाधीशांच्या पीठाने ७ विरुद्ध ६ मतांनी ठरवले, की घटनादुरुस्तीलाही घटनेची मूलभूत संरचना मोडता येत नाही. त्याखाली संसदेचे व राज्य विधिमंडळांचे अधिनियम. समवर्ती सूचीतल्या, म्हणजे दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयावर केंद्र व राज्य यांचे कायदे एकमेकांशी विसंगत असतील, तर केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. राज्याच्या नंतरच्या कायद्याला त्यासाठी राष्ट्रपतींची संमती मिळालेली असेल, तर त्या राज्यापुरता तो टिकतो. अध्यादेशाला अधिनियमाइतकेच बळ असते, पण सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी तो संपतो.

अधिनियमाच्या खाली नियम, विनियम, उपविधी आणि अधिसूचना येतात. यांना मूळ अधिनियमातून अधिकार मिळालेला असावा लागतो आणि त्याच्या मर्यादेबाहेर गेलेला नियम रद्द ठरतो. इथे महाराष्ट्रात सर्वाधिक घोळ होतो तो शासन निर्णयाबाबत, म्हणजे ‘जीआर’बाबत. जीआर हा बहुधा कार्यकारी आदेश असतो. अधिनियम किंवा नियम जिथे गप्प आहेत तिथली पोकळी तो भरू शकतो. नियमात लिहिलेले मात्र तो बदलू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच संतराम शर्मा प्रकरणात हा भेद स्पष्ट केला. म्हणून नोकरी, बदली वा जमिनीच्या प्रकरणात कोणी जीआर पुढे केला, तर आधी त्या विषयावर वैधानिक नियम आहेत का ते पाहावे.

कायदा मंजूर झाला म्हणजे तो लागू झाला असे नव्हे. केंद्रीय अधिनियमात तारीख दिली नसेल, तर राष्ट्रपतींच्या संमतीच्या दिवसापासून तो अमलात येतो. पुष्कळ अधिनियमांत मात्र ‘शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिवशी’ असे लिहिलेले असते, आणि वेगवेगळी कलमे वेगवेगळ्या दिवशी लागू होतात. जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून आली, पण धडक देऊन पळून जाण्याबाबतचे कलम १०६(२) त्या अधिसूचनेत वगळले होते. उलट, त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिताच लागते.

प्रसिद्धीचेही तसेच. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूविषयक कायदा नुसत्या ठरावाने केला, कुठेच प्रसिद्ध केला नाही. १९५१ मध्ये हरला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच मानला नाही. मात्र राजपत्रात छापून आले, की ‘मला माहीत नव्हते’ ही सबब उरत नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाला निघालेला एक जर्मन प्रवासी ३४ किलो सोन्यासह सांताक्रूझला पकडला गेला. सोन्यावरच्या निर्बंधाची अधिसूचना चारच दिवस आधी, २४ नोव्हेंबरला, राजपत्रात आली होती. तरी बहुमताने तो दोषी ठरला.

न्यायनिर्णयांचे बंधन अनुच्छेद १४१ पासून सुरू होते : सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. मुंबई उच्च न्यायालयाचा निवाडा महाराष्ट्र व गोव्यातल्या खालच्या न्यायालयांना बांधतो. दुसऱ्या उच्च न्यायालयाचा निवाडा पटण्यासारखा असेल तर उपयोगी, एवढेच. दाखला देताना पीठ किती न्यायाधीशांचे होते, पुढे मोठ्या पीठाने तो फिरवला का आणि मधल्या काळात कलमच दुरुस्त झाले का, हे तपासावेच. बंधन असते ते निकालाला आवश्यक असलेल्या तत्त्वाचे. निवाड्यातल्या प्रत्येक वाक्याचे नव्हे. ओघात आलेल्या भाष्याचा परिच्छेद उचलून तो बंधनकारक म्हणून मांडणे ही नवख्या वकिलांची नेहमीची चूक आहे.

रूढी हा सर्वांत जुना स्रोत, आणि तो अजून जिवंत आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ प्रमाणे मामाची मुलगी निषिद्ध नात्यात येते. असा विवाह शून्य, म्हणजे मुळातच अवैध ठरतो, पण समाजाची रूढी त्याला परवानगी देत असेल तर तो वैध असतो. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत या अपवादामुळेच ही लग्ने टिकतात. रूढी प्राचीन, अखंड, निश्चित आणि सार्वजनिक धोरणाशी सुसंगत असावी लागते. ‘आमच्यात चालते’ एवढे म्हणून भागत नाही : दाव्यात ती नेमकी मांडावी लागते, आणि कोणत्या घरात, कोणत्या गावी, केव्हा अशी लग्ने झाली याचे दाखले जाणत्या साक्षीदारांकडून द्यावे लागतात.

अनुसूचित जमातींना हिंदू विवाह अधिनियम किंवा हिंदू उत्तराधिकार अधिनियम आपोआप लागू होत नाही, त्यामुळे भिल्ल, वारली, कातकरी कुटुंबांच्या विवाहात व वारसाहक्कात रूढीचे स्थान फार मोठे आहे. २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या वादात खालच्या न्यायालयांनी स्त्रीला वारसा देणारी रूढी सिद्ध करा असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवले : स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नाही, मग समानतेच्या हक्कानुसार त्या स्त्रीच्या वारसांना हिस्सा मिळालाच पाहिजे.