‘व्हॅनिटी फेअर’ घेताय? कोणती प्रत घ्यावी

आमच्याकडे या कादंबरीच्या तीन तऱ्हेच्या जुन्या प्रती येतात: संक्षिप्त, बिनचित्रांची पूर्ण, आणि लेखकाने स्वतः काढलेल्या चित्रांसह पूर्ण. तिसरी जरा महाग पडते, तरी आम्ही तीच पुढे करतो.

लेखक विल्यम मेकपीस थॅकरे १८११ साली कलकत्त्यात जन्मला. वडील ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी. ते लवकर वारले आणि पोराची रवानगी विलायतेला झाली. केंब्रिज पदवीविनाच सोडलं. वडिलांचा पैसा काही जुगारात गेला, काही हिंदुस्थानातल्या बुडीत पेढ्यांबरोबर. खरं तर त्याला चित्रकार व्हायचं होतं. १८३६ मध्ये डिकन्सच्या ‘पिक्विक’ कादंबरीसाठी चित्रं काढायला तो तयार होता, पण डिकन्सने नकार दिला. पुढे बायकोला वेड लागलं, दोन मुली पदरात; नियतकालिकांत लिहूनच घर चालवावं लागलं.

‘व्हॅनिटी फेअर’ जानेवारी १८४७ पासून जुलै १८४८ पर्यंत दरमहा एकेक भाग करून निघाली. चित्रं त्याचीच, आणि ती नुसती शोभेची नाहीत. शेवटाकडच्या एका चित्रात नायिका बेकी शार्प पडद्याआड लपून ऐकते आहे. तिने जाळ्यात ओढलेल्या जोस सेडलीचं पुढे नेमकं काय झालं हे मजकूर उघड सांगत नाही. चित्राखाली मात्र नवऱ्याचा खून करणाऱ्या ग्रीक राणीचं नाव आहे. बिनचित्रांच्या प्रतीत हा इशारा हुकतो.

संक्षिप्त प्रत तर नकोच. तिच्यात कथानक उरतं, लेखकाचे टोमणे जातात. आणि हा माणूस वाचायचा तो टोमण्यांसाठीच! सुरुवातीचं जेवण बघा. हिंदुस्थानात कलेक्टरी केलेल्या जोसला गटवायचं म्हणून बेकी मुकाट्याने तिखटजाळ करी गिळते. मग तो हिरवी मिरची, इंग्रजीत ‘चिली’, पुढे करतो. ‘चिली’चा दुसरा अर्थ गार, म्हणून नावावरून थंडगार काहीतरी असेल या समजुतीने ती चावते आणि पाणी पाणी करते. बापलेक खो खो हसतात.

६७ प्रकरणं आहेत, दमाने घ्या. मूळ वाचकांनीही दीड वर्ष लावलं होतं. एवढं झेपणार नसेल तर १८४४ ची ‘बॅरी लिंडन’ घ्या. ती बरीच आटोपशीर आहे, आणि तिचा नायक स्वतःच्याच तोंडाने थापा मारतो.

चित्रांची पानं काउंटरवरच मोजून घ्या. जुन्या प्रतींतून ती कापलेली निघतात, आणि अशी प्रत आम्ही बिनचित्रांच्याच भावात देतो.